सोडत

मे महिन्यात आमच्या गावात
कुणी कुणाला बरं आहे का विचारत नाही.
फोन उचलला की एकच,
"काही कापलं का?"

निकालाला अजून चार दिवस असतात.
पण ज्याचा नंबर लागतो
त्याच्या कार्डावरून परवान्याचे पैसे आधी जातात,
पत्र मागाहून येतं.
म्हणजे वन्यजीव खात्याचं गुपित
आमच्या बचत खात्यात फुटतं
आणि सगळ्यात आधी मला दिसतं,
खिडकी नंबर दोन, सकाळी पावणेआठ,
कॉफी अजून गरम.

सांगायचं नसतं.
मी सांगते.
लेमॉइनला एल्क लागला तेव्हा शाळेची बस
उभ्या रस्त्यात थांबवून तो नाचला,
आतली पोरंही नाचली, कशासाठी ते न कळता.

ही सोडत मला बँकेच्या भाषेतच समजते.
हुकलेल्या प्रत्येक वर्षाचा एक गुण जमा.
फक्त हरलेलं साठवणारं हे एकच खातं.
एकदा लागलं, की शिल्लक शून्य.
वारस लावता येत नाही.
माझ्या नवऱ्याचे अकरा गुण
त्याच्याबरोबरच गेले,
बूट मात्र अजून गॅरेजमध्ये आहेत.

बेन्यात इरिगारायचे सत्तावीस.
पिरेनीजमधून एकोणिसाव्या वर्षी आला,
दुसऱ्याच्या मेंढ्या राखल्या, मग स्वतःच्या,
आणि मागायचा काय, तर मेंढाच.
वरच्या कड्यांवरचा, रानातला,
कानामागून वळून पुन्हा डोळ्यापाशी येणाऱ्या
शिंगांचा.

एकदा चेक भरता भरता म्हणाला,
"वर पूर्वी दोनशे होते.
एका हिवाळ्यात माझ्या कळपाला खोकला झाला.
माझ्या मेंढ्या उठल्या.
वसंतात वर गेलो तर
नुसती शिंगं."
मग पावती घडी करून खिशात ठेवली,
चार घड्या, नेहमीसारख्या.
नंतर खात्याने दुसरीकडून मेंढे आणून सोडले.
त्याच वर्षी त्याने कळप विकला
आणि पहिला अर्ज भरला.
यातलं कारण कुठलं आणि परिणाम कुठला,
मी विचारलं नाही.

या एप्रिलमध्ये आला. कार्ड हरवलं म्हणाला.
मी जुनं बंद केलं, नवं दिलं.
"अर्जात जुना नंबर असेल, तो बदलून घे हं."
मान हलवली.
पाकीट उघडलं तेव्हा
जुन्या कार्डाचा निळा कोपरा दिसला मला.
दिसला असं वाटलं.
रांगेत चार माणसं होती.

आणि मग तो मंगळवार.
पावणेआठ. त्याच्या नावापुढे एक ओळ:
वन्यजीव खाते, रक्कम, नाकारले.
तासाभराने पुन्हा: नाकारले.
सत्तावीस वर्षांनी दार वाजत होतं
आणि आत कुणी उठत नव्हतं.

फोन केला. तो कोंबड्यांना दाणे टाकत होता,
ऐकू येत होतं.
म्हटलं, "बेन्यात, लागलाय तुला. पैसे अडलेत.
आत्ता खात्याला फोन केलास तर कदाचित..."
बराच वेळ नुसत्या कोंबड्या.
"आता कुणाला जाईल तो?"
"यादीत पुढे असेल त्याला."
"हं."
मग विचारलं, बँक शनिवारी किती वाजेपर्यंत उघडी असते.
चाळीस वर्षं माहीत आहे त्याला.

सोडत, सोडत म्हणत राहिले मी दिवसभर
नोटा मोजताना, आणि दोनदा चुकले.

नोव्हेंबरात मोसम उघडला.
बघायचं नसतं.
मी बघते.
पहिल्याच दिवशी त्याच्या खात्यावर एक नोंद:
डोंगराच्या अलीकडचा शेवटचा पंप,
पहाटे चार बावन्न,
एकोणीस डॉलर.
जाण्यापुरतं आणि येण्यापुरतं.
त्याच्या खाली, दुकानातून,
दोन कॉफी.